सांध्यांचा हिशेब

(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात वरठी येथे दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



कार्यकारी मंडळाने मला संगणक व आपला व्यवसाय या विषयावर चार शब्द बोलावयास सांगितले. विषय अफाट आहे आणि माझे शिक्षण मॅट्रिकपलीकडचे नाही. तेव्हा त्यातील एकच कोपरा मी निवडला आहे. दांडे आणि सांधे यांनी जोडलेले यंत्र संगणकाच्या पडद्यावर कसे उभे करतात, तेथे ते कोणत्या नियमाने चालते, आणि ते चालविणाऱ्यास आधी काय ठाऊक असावे लागते, एवढेच आज सांगावयाचे आहे. आपण सुतार. सांधा हा आपल्या घरचा विषय. म्हणून हा कोपरा निवडताना मला संकोच वाटला नाही.

दरवर्षी दहावीचा निकाल लागला की माझ्या ओसरीवर पालक येतात. प्रश्न ठरलेला असतो, ‘गुरुजी, पोराले कोणत्या लाईनले टाकाचं?’ आयटीआय, पॉलिटेक्निक, की संगणकावर नकाशे काढण्याचा वर्ग? या वर्गांची फी हजारांच्या घरात असते आणि कित्येक घरी ती कर्ज काढून भरली जाते. गतवर्षी असाच एक वर्ग पुरा करून आलेला मुलगा मला आपले काम दाखवावयास आला. त्याने पडद्यावर पायाने चालविण्याचे शिवणयंत्र काढले होते. चित्र फारच देखणे होते. लोखंडाची झिलईसुद्धा दिसत होती. मी त्याला एवढेच विचारले, पायडल दाबत राहिले तर हे चाक पुरते फिरेल, की अर्ध्यावर जाऊन परत येईल? त्याला सांगता येईना. वर्गात रेषा कशी ओढावी, रंग कसा भरावा, कोणते बटण कोठे आहे, हे शिकविले होते. हे शिकविले नव्हते. मुलगा हुशार आहे, दोष त्याचा नाही. शेजारी त्याचे आजोबा बसले होते. त्यांनी आयुष्यभर बंडीची चाके भरली. ते चित्राकडे पाहून म्हणाले, ‘चाकावरचा हात मोठा झाला बाबू, नाही फिरत हे.’ त्यांचे म्हणणे खरे होते.

ते खरे का होते, हे समजून घेण्याकरिता शिवणयंत्राचेच उदाहरण पुढे चालवू, कारण ते आपल्या बहुतेक घरांत पाहिलेले आहे. त्यात चार भाग धरावयाचे. पहिला लोखंडी सांगाडा. तो जमिनीवर स्थिर. दुसरा पायडल. तिसरी पायडलपासून वर जाणारी उभी दांडी. चौथे मोठे चाक, ज्याच्या मध्यापासून थोड्या अंतरावर एक खुंटी असते व त्या खुंटीत दांडीचे वरचे टोक अडकविलेले असते. मध्यापासून खुंटीपर्यंतचे हे अंतर म्हणजे चाकाचा हात. चार भाग आणि चार सांधे मिळून एक बंद साखळी झाली. ही चार दांड्यांची साखळी यंत्रशास्त्राची बाराखडी आहे. सायकल चालविणाऱ्याची मांडी, पोटरी, पायडलचा दांडा व सायकलचा सांगाडा मिळून हीच साखळी होते. मोटारीची काच पुसणारी काठी आणि माती उचलणाऱ्या यंत्राचे खोरे यांतही ती आढळते.

या साखळीचा एक सुबक नियम आहे. ग्रासहोफ नावाच्या जर्मन अभियंत्याने तो एकोणिसाव्या शतकात मांडला. सर्वांत आखूड व सर्वांत लांब दांड्यांची बेरीज उरलेल्या दोहोंच्या बेरजेहून अधिक नसेल, तरच आखूड दांडा पुरा फेरा घेऊ शकतो. समजा, दांडे ५, १५, १८ आणि २० इंचांचे आहेत. ५ आणि २० मिळून २५. १५ आणि १८ मिळून ३३. फेरा होईल. आता ५ इंचांचा हात १४ इंचांचा करा. १४ आणि २० मिळून ३४. ते ३३ हून एकाने अधिक. चाक अडले. आजोबांना ग्रासहोफ ठाऊक नव्हता, पण हाताचे प्रमाण त्यांच्या डोळ्यांत बसलेले होते. पाचवीच्या मुलाला ही बेरीज येते. पुठ्ठ्याच्या चार पट्ट्या आणि चार टाचण्या घेऊन ती त्याला एका तासात पटविता येते. मी शाळेत कित्येक वर्षे ती पटविली आहे.

आता पडद्याकडे वळू. पडद्यावर यंत्र हलताना दिसते ते दोन प्रकारचे असू शकते. एक म्हणजे निव्वळ चलच्चित्र. त्यात चित्रकार जसे ठरवील तसे चाक फिरते. न फिरणारे चाकही तो फिरवून दाखवील. दुसरा प्रकार निराळा. त्यात आपण हालचाल सांगतच नाही. वस्तू कोणत्या, त्यांचे वजन किती, सांधे कोठे व कशा जातीचे, जोर कोठे लागतो, एवढेच सांगतो आणि हालचाल संगणक गणिताने शोधून काढतो. यास सदृशीकरण म्हणतात. अनेक वस्तूंनी जोडलेल्या यंत्रांचे असे सदृशीकरण करणाऱ्या आज्ञावल्या, म्हणजे सॉफ्टवेअर, १९७०च्या दशकापासून तयार होऊ लागल्या. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठातील संशोधनातून निघालेली ‘अ‍ॅडम्स’ ही त्यांतील फार प्रसिद्ध. पण त्यांच्या पोटातील गणित जुनेच आहे. न्यूटन १६८७, दालांबेर १७४३, ऑयलर १७६५, लाग्रांज १७८८ ही त्या विद्वानांच्या ग्रंथांची वर्षे आहेत. संगणकाने नवा नियम शोधला नाही. जे गणित माणसाला जन्मभर पुरले असते ते तो क्षणात करतो, इतकेच.

या आज्ञावलीत प्रत्येक भाग दृढ मानला जातो. दृढ म्हणजे त्यावर कोणतेही दोन बिंदू घेतले तरी त्यांमधील अंतर कधी बदलत नाही. तो वाकत नाही, ताणला जात नाही, फुगत नाही. अशा वस्तूविषयी संगणकाला तीन गोष्टी लागतात. तिचे वजन, तिचा गुरुत्वमध्य, आणि फिरविताना ती किती आडमुठेपणा करते त्याचे माप. पुष्कळांना वाटते, ही मापे फक्त संगणकालाच काढता येतात. तसे नाही. कोणताही वेडावाकडा फळा एका टोकाने टांगा व ओळंब्याची रेघ मारा. मग दुसऱ्या टोकाने टांगा व पुन्हा रेघ मारा. रेघा जेथे छेदतात तेथे गुरुत्वमध्य. तोच तुकडा खिळ्यावर लंबकासारखा झुलवून पन्नास झोक्यांना किती वेळ लागतो ते मोजा. त्यावरून तिसरे माप निघते. ज्याने हे एकदा हाताने केले, त्याने संगणकात चुकून किलोच्या जागी ग्रॅम लिहिले तर त्याला उत्तर पाहताच संशय येईल. ज्याने केले नाही, त्याला कोणतेही उत्तर खरेच वाटेल.

पुढे सांधे. येथे आपल्या धंद्याची खरी गाठ पडते, म्हणून थोडे थांबतो.

मोकळ्या वस्तूला हलण्याच्या सहा मोकळिकी असतात. ती पुढेमागे, डावीउजवीकडे व वरखाली सरकू शकते. या तीन झाल्या. आणि या तीन दिशांभोवती फिरू शकते. या आणखी तीन. सांधा म्हणजे या मोकळिकींपैकी काही काढून घेणे. बिजागरी सहांपैकी पाच काढून घेते व फक्त एका आसाभोवती फिरण्याची मोकळीक ठेवते. चेंडू-खोबणीचा सांधा, जसा आपल्या खांद्याचा, तीन काढून घेतो व तीन ठेवतो. खणाची सरक पाच काढते व सरळ सरकण्याची एक ठेवते. असा हिशेब करीत गेले की यंत्रात शेवटी किती मोकळीक उरते ते कळते. एक उरली तर एका जागी जोर लावून सारे यंत्र चालेल. शून्य उरली तर ते यंत्र नव्हे, चौकट झाली.

शिवणयंत्राचा हिशेब करून पाहू. कागदावर, म्हणजे सपाटीत, प्रत्येक वस्तूला तीनच मोकळिकी. हलणारे भाग तीन, म्हणून नऊ. प्रत्येक खुंटी दोन काढते. चार खुंट्या म्हणून आठ. उरली एक. झकास. आता हेच यंत्र संगणकात खऱ्या अवकाशात उभे करू. हलणारे भाग तीन, प्रत्येकाला सहा, म्हणून अठरा. चारही सांधे बिजागरीचे धरले, तर प्रत्येकी पाच म्हणजे वीस. अठरातून वीस गेले. उरले उणे दोन!

बंधुभगिनींनो, जे यंत्र आपल्या घरी तीस वर्षे चालत आहे, ते हिशेबाप्रमाणे चौकटीहूनही घट्ट ठरले. नवशिक्या विद्यार्थ्याला हा पहिला धक्का येथे बसतो. माझा एक जुना विद्यार्थी पुण्यात मोटारींच्या अशाच कामावर आहे. दिवाळीत गावी आला असता त्याने मला हे आपल्या लॅपटॉपवर करून दाखविले. पडद्यावर सूचना आली, की सांध्यांत अधिकचे बंध आहेत. आणि तरीही यंत्र चालले! कारण अशी आज्ञावली जास्तीचे बंध स्वतःच शोधून गुपचूप बाजूला ठेवते आणि उरलेल्यांवर काम करते. या साखळीत तिने तीन बंध बाजूला ठेवले. उणे दोन आणि तीन मिळून एक मोकळीक झाली. चाल अगदी बरोबर दिसली.

मग बिघडले कोठे? बिघडले ते असे. त्याने प्रत्येक खुंटीवर किती जोर येतो ते संगणकाला विचारले. काही खुंट्यांवर एका दिशेचा जोर शून्य दाखविला. तेथे खरोखर जोर नसतो म्हणून नव्हे. संगणकाने तेथील बंधच काढून ठेवला होता म्हणून. आता कोणी हे शून्य खरे मानून ती खुंटी बारीक केली तर? चित्र चालेल, खुंटी तुटेल. शिवणयंत्राची खुंटी तुटली तर ब्लाउज अडतो. मोटारीच्या पुढच्या चाकाची खुंटी तुटली तर काय होते, ते राष्ट्रीय महामार्गाकाठी राहणाऱ्या आपणांस सांगावयास नको.

हेच दाराला लावून पाहा. दाराच्या फळीला सहा मोकळिकी. एक बिजागरी पाच काढते, एक उरते. दार फिरले पाहिजे. आपण मात्र तीन बिजागऱ्या ठोकतो. सहांतून पंधरा गेले, उणे नऊ. हिशेबाप्रमाणे दार जागचे हलता कामा नये. ते हलते, कारण आपण ओळंबा लावून तिन्ही बिजागऱ्यांचा आस एका रेषेत आणतो. एक बिजागरी सुताभर बाहेर गेली की दार रुसते, करकरते, आणि पावसाळ्यात तर उघडतच नाही. म्हणजे जास्तीच्या बंधांची किंमत अचूकपणाने मोजावी लागते. ही गोष्ट आपल्याकडे उमेदवारी करणाऱ्या पोरालाही मार खाऊन का होईना, ठाऊक होती. पण तीन बिजागऱ्यांपैकी कोणती किती भार उचलते? हे दृढ वस्तूंच्या गणिताला कधीच सांगता यावयाचे नाही, संगणक कितीही मोठा आणा. ते लाकूड किती दबते, स्क्रू किती सरकतो, यावर अवलंबून आहे, आणि दबणे-सरकणे तर आपण पहिल्याच पायरीवर नाकारले आहे. तिवईचे तीन पाय कशाही जमिनीवर टेकतात व प्रत्येकावरील भार हिशेबाने निघतो. चार पायांचे टेबल डुगडुगते, आणि कोणत्या पायावर किती भार हे जमिनीला विचारावे लागते. भेद तोच.

यावर उपाय दोन. एक असा की, सांध्याला अवश्य तेवढेच बंध द्यावयाचे. दांडीच्या खालच्या टोकाला बिजागरीऐवजी चेंडू-खोबण दिली आणि वरच्या खुंटीला आसावर किंचित सरकण्याची मुभा दिली, तर पाच, तीन, चार आणि पाच मिळून सतरा. अठरातून सतरा गेले, उरली एक. हिशेब जुळला. आता घरी जाऊन एखादे जुने शिवणयंत्र उलटे करून पाहा. कित्येक जुन्या यंत्रांत दांडीच्या खालच्या टोकाला खरोखरच गोळीचा सांधा आढळेल. ज्याने ते घडविले त्याच्याजवळ संगणक नव्हता; पण लोखंड ओतताना पायडल नेमके काटकोनात बसत नाही, हे त्याला ठाऊक होते. दुसरा उपाय असा की, सांध्याला जाणूनबुजून थोडे मऊ करावयाचे. मोटारीच्या चाकामागील दांड्यांना रबराचे बुश असतात ते याचकरिता. संगणकातही ताठ सांध्याच्या जागी तसा मऊ सांधा मांडता येतो. मग भाराची वाटणी खरी निघते, मात्र रबर किती दाबले असता किती दबते याचे माप कोणीतरी प्रयोगशाळेत बसून काढावे लागते. पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही १९६६ साली स्थापन झालेली संस्था वाहनांच्या अशा चाचण्या करते. आपल्या वरठीच्या सनफ्लॅग कारखान्यातील पोलाद वाहनउद्योगाला जाते. म्हणजे ज्या दांड्यांविषयी मी बोलतो आहे त्यांपैकी काहींचे लोखंड आपल्या भोंग्याच्या आवाजात तापलेले आहे.

‘दृढ’ हा शब्द किती जपून वापरावा, याचे उदाहरण आपल्या स्थानकासारख्या कोणत्याही जुन्या स्थानकावर पाहावयास मिळत असे. वरठीला स्थानक आहे, पण त्याचे नाव भंडारा रोड, हे आपले जुने दुःख, असो. पूर्वी केबिनमधील तरफ ओढली की लांबवर रुळांचे सांधे बदलत. सांधेवाला हा शब्द त्यातूनच आला. मध्ये लोखंडी दांड्यांची रांग असे. आता दोनशे मीटर लांबीचा दांडा घ्या. पोलाद तापले की दर अंशाला दहा लाखांत सुमारे बारा भाग वाढते. पहाटेपासून दुपारपर्यंत लोखंड तीस अंशांनी तापले, तर दांडा सुमारे ७२ मिलिमीटर वाढला, म्हणजे जवळजवळ तीन इंच. आपला वैशाख काय असतो ते आपण जाणतोच. केबिनमध्ये तरफ हललेली नाही आणि तिकडे सांधा तीन इंच सरकू पाहतो, म्हणजे गाडीवर संकटच. यावर त्या काळच्या अभियंत्यांनी तोड काढली ती मला फार आवडते. रांगेच्या मध्यावर ते एक उलटी तरफ बसवीत. त्यामुळे अर्धी रांग ढकलली जाते तेव्हा उरलेली अर्धी ओढली जाते. दोन्ही अर्ध्या सारख्याच वाढतात आणि एकीची वाढ दुसरीची वाढ खाऊन टाकते. ही साखळी दृढ दांड्यांची म्हणून संगणकात मांडली, तर ती मधली तरफ अगदी निरुपयोगी दिसेल. एखादा नवखा काटकसरीसाठी ती काढूनही टाकील.

वाफेच्या इंजिनाविषयीही एक गोष्ट सांगून घेतो. आपल्यापैकी साठीच्या पुढच्या मंडळींनी ती इंजिने पाहिली आहेत. त्यांची मोठी चाके एका आडव्या दांड्याने जोडलेली असत. ही सुद्धा चार दांड्यांची साखळी, पण समोरासमोरच्या बाजू समान असलेली. चाकांचे हात व आडवा दांडा एका रेषेत आले की पुढे दोन वाटा फुटतात: दुसरे चाक बरोबर फिरेल, किंवा उलटही फिरू पाहील. या जागेला मृतबिंदू म्हणतात. म्हणून इंजिनाच्या दुसऱ्या बाजूचे हात पाव फेऱ्याने पुढे ठेवलेले असत; एक बाजू मृतबिंदूवर असता दुसरी जोरात असे. शिवणयंत्रावर प्रथम बसणारी मुलगी चाक उलटे फिरवून दोरा तोडते, तो याच मृतबिंदूचा प्रताप. आई तिला हातचाकाला आधी धक्का द्यावयास सांगते. संगणकही या जागी नेमका अडखळतो. तो काळ सलग मोजीत नाही; सेकंदाचे बारीक तुकडे करून एकेका तुकड्याने पुढे जातो. एका तुकड्यात तो बिंदू ओलांडला गेला तर कधी यंत्र भलत्याच वाटेने जुळते. शिवाय प्रत्येक तुकड्यात राहणारी कणभर चूक साचत जाते आणि सांभाळले नाही तर पडद्यावरचे सांधे हळूहळू सुटू लागतात. त्यांना पुन्हा जागेवर ओढण्याची युक्ती गणितात घालावी लागते. संगणकाचे सांधेही ठोकून बसवावे लागतात, हे ऐकून मला बरे वाटले.

हे सर्व कशाकरिता, असे कोणी विचारील. एकच उदाहरण देतो. जयपूरच्या कृत्रिम पायाचे नाव आपण ऐकले आहे. १९६८ साली डॉ. प्रमोद करण सेठी आणि रामचंद्र शर्मा यांनी तो घडविला. सेठी शल्यवैद्य होते, आणि रामचंद्र शर्मा हे शालेय शिक्षण बेताचे असलेले कारागीर होते. हा पाय गुडघ्याखालचा. गुडघाच गेला असेल त्याला बिजागरीचा गुडघा पुरत नाही. उभे राहता राहता तो मोडतो व माणूस पडतो. भगवान महावीर विकलांग साहाय्यता समिती ही १९७५ पासून हे पाय गरिबांना विनामूल्य देणारी संस्था. तिच्यासाठी अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी जो स्वस्त गुडघा तयार केला, त्यास अमेरिकेच्या ‘टाइम’ साप्ताहिकाने २००९च्या उत्कृष्ट शोधांत स्थान दिले. तो गुडघा म्हणजे आपली चार दांड्यांची साखळीच आहे. तिची खुबी अशी की, फिरण्याचा मध्य एका जागी राहत नाही. पुढचा व मागचा दांडा मनाने वर वाढवीत नेले की ते जेथे मिळतात, तेथे त्या क्षणाचा मध्य. पाय सरळ असता तो मध्य वर व मागे असतो, त्यामुळे अंगाचा भार गुडघा मोडण्याऐवजी सरळच दाबून धरतो. पाऊल टाकताना मध्य सरकतो, गुडघा सहज वाकतो आणि पाय किंचित आखूड झाल्यासारखा होऊन बोटे जमिनीला ठेचाळत नाहीत. दांड्यांची लांबी थोडी चुकली की हा गुण जातो. पडद्यावर असा गुडघा शेकडो लांब्यांनी वाकवून व पाडून पाहता येतो. जिवंत माणसाला पाडून पाहता येत नाही. संगणकाचा मोठेपणा मी मानतो तो एवढ्यासाठी.

आपल्या मेळाव्यांतून विश्वकर्म्याचे नाव घेऊन आपल्या पूर्वजांनी विमाने बांधली होती असे सांगण्याची प्रथा आहे. टाळ्या पडतात. माझे म्हणणे थोडे निराळे आहे. आपल्या पूर्वजांनी बंडीचा तुंबा, आरे आणि धाव एकमेकांत अशी बसविली की उन्हातान्हात व चिखलात चाक सुटले नाही. मला तेवढे पुरे आहे. ते ज्ञान हाताचे होते, तोंडी होते, आणि बंड्या गेल्या तसे ते आता जाते आहे. ज्याला रंधा, पटाशी, गुण्या धरता येतो तो मुलगा कारखान्यात मदतनीस होतो, आणि ज्याला बटणे दाबता येतात तो टेबलाशी बसतो. माझ्या मते हे दोन्ही एकाच मुलाच्या ठायी असावे, आणि मुलीच्याही. शिवणयंत्राचा मृतबिंदू आमच्या मुलींना मुलांआधी कळतो, हे मी शाळेत पाहिलेले आहे.

पालकांना माझे सांगणे असे आहे की, कोणत्याही वर्गाची फी भरण्यापूर्वी तेथील शिक्षकास तीन प्रश्न विचारा. मोकळिकींचा हिशेब शिकविता का? सांध्यावरील जोर काढून तो हाताने पडताळता का? मुलाने प्रत्यक्ष एखादा सांधा घडविला का? तिन्हींचे उत्तर नकारार्थी असेल तर तो वर्ग चित्रकलेचा आहे. चित्रकला वाईट नाही, पण तिची फी वेगळी असते. घरी बसून शिकावयाचे तर फुकट साधनेही आहेत. ‘जिओजेब्रा’ साध्या मोबाइलवर चालते व त्यात सपाटीतील साखळी मांडता येते. ‘फ्रीकॅड’ नावाची आज्ञावली संगणकावर विनामूल्य मिळते. २०२४च्या अखेरीस आलेल्या तिच्या १.० आवृत्तीत भाग सांध्यांनी जोडण्याची सोय मुळातच आहे. त्याहून पुढे जाणाऱ्यास ‘प्रोजेक्ट क्रोनो’ आहे. तेही विनामूल्य, मात्र त्याला प्रोग्रॅम लिहिता यावा लागतो. मोठ्या कंपन्यांच्या आज्ञावल्या महाग असतात, पण मोकळिकींचा हिशेब महागड्या व फुकट आज्ञावलीत एकच आहे.

कार्यकारी मंडळापुढे एक सूचना ठेवतो. दरवर्षी या व्यासपीठावर शाल-श्रीफळावर जो खर्च होतो त्यातील निम्मा भाग तीन वर्षे बाजूला ठेवावा. त्यातून एक जुना पण चालू संगणक, एक सुतारी ठेला आणि हत्यारांची एक पेटी घ्यावी. वरठीत किंवा मोहाडीत एखादी खोली पाहावी. आठवीपासूनच्या मुलामुलींनी रविवारी तेथे यावे. प्रथम सागाच्या चार पट्ट्यांची साखळी हाताने करावी, मग तीच संगणकात मांडावी, आणि दोहोंत फरक पडला तर तो कशामुळे, हे वहीत लिहावे. आपल्यातील जे वृद्ध कारागीर आता ठेल्यावर उभे राहू शकत नाहीत, त्यांनी खुर्चीवर बसून फक्त पाहावे व बोलावे. त्यांना मानधन द्यावे, शाल नको. शिकविण्यास मी येईन. पुण्याच्या त्या विद्यार्थ्याने महिन्यातून एकदा फोनवरून शंका सोडविण्याचे कबूल केले आहे.

व्यासपीठाच्या डाव्या बाजूस टेबलावर मी दोन नमुने ठेवले आहेत. दोन्ही सागाचेच, मापे तीच. एकाच्या चारही खुंट्या घट्ट आहेत. दुसऱ्याची खालची खुंटी गोळीची आहे आणि वरचीला दोन सूत सरकण्यास जागा ठेवली आहे. भोजनापूर्वी ज्यांना वेळ असेल त्यांनी दोन्ही हाताने फिरवून पाहावेत. पहिला ज्या जागी अडतो तेथे पेन्सिलीने खूण केली आहे. कृपया जोर करू नये.